सोनचिरैयाच्या माळावरचा हाका

"खुर्च्या नीट बांध रे, खुर्च्या!" भाऊजी ड्रायव्हरवर ओरडत होते, आणि ग्वाल्हेरच्या दाना ओली गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं खिडक्यांतून आमची जीप बघत होती. नुकतं कुठे उजाडलं होतं. जीपच्या मागच्या बाजूला दोन वेताच्या खुर्च्या, एक गुंडाळलेला गालिचा, चिनी मातीच्या कपबश्यांची पेटी, खसच्या सरबताच्या बाटल्या आणि एक भलीमोठी काळी छत्री. माणसांना बसायला जागा उरली होती ती जेमतेम दीड जणाची.

"भाऊजी," मी म्हटलं, "आपण माळरान बघायला चाललोय की लग्न लावायला?"

"सुमे, गप बस गं," ताई पायरीवरून म्हणाली. "त्यांचं डोकं आधीच ठिकाणावर नाही."

ते खरंच होतं. माझी ही मोठी बहीण पंचवीस वर्षांपूर्वी ग्वाल्हेरला दिली. भाऊजी तेव्हापासून संस्थानच्या शिकारखान्यात. महाराजांचे पाहुणे शिकारीला निघाले की जनावर कुठे आहे, ते कोणत्या वाटेने बाहेर पडेल, पाहुणा कुठे बसेल, त्याच्या हातात चहा कोण देईल, हा सगळा इंतजाम (व्यवस्था) भाऊजींकडे. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, शिकारखाना वनखात्यात गेला आणि भाऊजी एका टेबलामागे जाऊन बसले. आता मध्यभारतही मोडणार होता. मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कचेऱ्या एकेक करून तिकडे चालल्या होत्या. भाऊजींच्या नावाचाही कागद येऊन पडला होता.

ताईने तो कागद देवघरात गणपतीच्या पाटाखाली ठेवला होता. भोपाळला जायला ती मुळीच तयार नव्हती. इथे तिचं भजनी मंडळ, मराठी वाचनालय, चैत्रातलं हळदीकुंकू, शेजारणी. "तिकडे मी मराठी बोलू कुणाशी? भिंतींशी?" ती दिवसातून दहा वेळा विचारायची.

सुटकेची वाट एकच होती. शहरापासून वीसेक मैलांवर, घाटीगावच्या बाजूला एक ओसाड, खडकाळ माळ आहे. संस्थानी काळात तो शिकारीसाठी राखलेला होता. तिथे माळढोक पक्षी अजून आहे. तिकडचे लोक त्याला सोनचिरैया म्हणतात. दिल्लीहून एक पक्षीतज्ज्ञ तो माळ बघायला येणार होते. त्यांनी शिफारस केली तर तिथे राष्ट्रीय उद्यान होणार आणि त्याची देखरेख भाऊजींकडे राहणार, म्हणजे भोपाळ टळणार. नाही केली तर माळ दगडाच्या खाणींना द्यायचा, असं वरून जवळजवळ ठरलंच होतं.

आणि मी? मी पुण्याच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीकडे आलेली. पंधरा दिवस वाळ्याच्या पडद्यामागे पडून कैरीचं पन्हं पीत होते आणि कंटाळून अर्धमेली झाले होते. माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. स्वस्थ बसणं हा मला शिक्षेचा प्रकार वाटतो. आदल्या दिवशी भाऊजींबरोबर नई सडकेवर आणि टोपी बाजारात पाहुण्यांसाठी खरेदी करत फिरले, तेव्हाच ठरवून टाकलं की मीही जाणार. भाऊजी नको म्हणाले, ताई नको म्हणाली. मी पिशवी भरून जीपमध्ये जाऊन बसले.

शहर सुटलं तसा रस्ता लालसर झाला. दोन्ही बाजूंना सपाट दगड, जणू कुणी फरशा काढून तशाच टाकून दिलेल्या. त्यांच्या फटींतून खैर, करधई, बोरीची काटेरी झुडपं. हिरवं असं काही नाहीच. पुण्याहून निघताना मी वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या असं धरून चालले होते. इथे वाळू नव्हती, पण पाणीही नव्हतं, सावलीही नव्हती आणि मैलोन्‌मैल माणूस नव्हता. नऊ वाजताच लू (उन्हाळ्यातला जळता वारा) सुरू झाली. तोंडावर पदर घेतला तरी डोळ्यांत धूळ जायची ती जायचीच.

अर्ध्या वाटेत जीपचं पाणी उकळलं. ड्रायव्हर डबा घेऊन विहीर शोधायला गेला तो बारा वाजले तरी येईना. भाऊजी रस्त्यावर येरझारा घालत होते. हातात घड्याळ, तोंडाने आकडेमोड: आज पोचायचं, उद्या सगळं तयार ठेवायचं, संध्याकाळी साहेब येणार, परवा सकाळी पक्षी दाखवायचा.

"आणि नाहीच दिसला तर?" मी विचारलं.

ते एकदम थांबले. "सुमन, आमच्या शिकारखान्यात पाहुणा जनावर न बघता परत गेला, असं एकदाही झालेलं नाही. एकदाही नाही! मला माहीत पडलं असतं."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते मी गिळलं. माणूस खरोखर घाबरलेला होता.

माळाच्या कडेला एक जुनी शिकारकोठी आहे. तिथे पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दारात पंचम उभा होता. पंचम म्हणजे त्या माळाचा रखवालदार; जातीने गुर्जर, वय पन्नाशीच्या पुढे, पांढऱ्या मिशा, पायांत टायरच्या चपला. त्याचा बाप इथेच रखवालीवर होता, हाही इथेच. माळ खाणींना गेला तर त्याचीही चाकरी जाणार होती. त्याच्या बायकोने गकरिया (निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. राख झटकून, गकरिया फोडून त्यात तूप सोडायचं. मी चार खाल्ल्या. भाऊजींनी एकही धड खाल्ली नाही.

संध्याकाळी मी पंचमला विचारलं, "पक्षी खरंच आहेत का हो इथे? की साहेबांची आपली आशा?"

"हओ बाईसाब, हैं," तो म्हणाला. मग माझ्याकडे थोडा वेळ बघून म्हणाला, "सबेरे चलियो. पर चुप बैठना पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं निघालो. कोठीपासून मैलभर गेलं की एक कोरडा नाला लागतो. तो ओलांडून पलीकडच्या उघड्या माळावर पंचमने मला एका खैराच्या बुंध्याशी बसवलं आणि बोट दाखवलं. मला काही दिसेना. दगड, वाळकं गवत, पुन्हा दगड. मी मान उंच केली, त्याने हाताने खाली दाबली. मुंगी चावली, मी पाय हलवला, त्याने डोळे वटारले. वर्गात मी पोरींना जशी दटावते तसा तो मला दटावत होता. माझ्यावर अशी पाळी पहिल्यांदाच आली होती.

आणि मग त्यातला एक दगड हलला. लांब करडी मान वर झाली, डोक्यावर काळी टोपी, बाजूला एक डोळा. मादी होती. घरटं म्हणावं असं काही नाही, नुसती जमिनीवर बसलेली. थोड्या वेळाने ती उठली, अंग झाडलं, आणि तिच्या पायांशी एक अंडं दिसलं, मातकट हिरवं, तपकिरी ठिपक्यांचं. एकच. तिने चोचीने ते किंचित सरकवलं आणि पुन्हा त्यावर बसली.

मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. परतताना पंचम नाल्यात थांबला. "बाईसाब, साहब से मत कहियो अंडे की."

"का?"

"आदमी जोड़ लेंगे." माणसं गोळा करतील, एवढंच त्याने सांगितलं. मी वचन दिलं. अगदी मनापासून दिलं.

ते वचन न्याहरीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. कोठीच्या ओट्यावर भाऊजी डोकं धरून बसले होते. रात्रभर डोळा लागला नव्हता म्हणाले. "तुझ्या ताईला मी काय तोंड दाखवू? पक्षी या बाजूला उरलेच नसतील तर? गेल्या हंगामात कुणी बघितलेत?" मला ते बघवेना आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "अहो, पक्षी आहेत. मी आत्ता बघून आले. अंडंसुद्धा आहे!"

भाऊजींचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला बरंच वाटलं. ते उठून उभे राहिले. "अंडं आहे म्हणजे आसपास दहा-बारा तरी असणार. मग काय, काम फत्ते! पंचम! ए पंचम! गावांत सांगावा धाड. उद्या सकाळी हाका!"

हाका म्हणजे काय ते तिकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. चाळीस-पन्नास माणसं एका ओळीत उभी राहतात आणि डबे, ढोल, थाळ्या वाजवत, आरोळ्या ठोकत रान झोडपत येतात. जनावर पुढे पळतं आणि पाहुणा जिथे बसलेला असतो नेमकं तिथे निघतं. दगडी आडोशामागे बसलेला पाहुणा बंदूक उचलतो.

"पण हे शिकारीला आलेले नाहीत," मी म्हटलं. "नुसतं बघायला येताहेत."

"अगं, मग बघायला पक्षी समोर नको का यायला? दिल्लीचा एवढा मोठा माणूस. त्याला काट्याकुट्यांतून चालवायचं? दगडावर बसवायचं? आमच्याकडे असं होत नाही."

"पंचम म्हणतो..."

"पंचमला काय कळतं!" मग जरा खालच्या आवाजात, "घाबरू नको. ओळ नाल्याच्या अलीकडेच राहील. तुझ्या अंड्याला धक्का लागणार नाही. शब्द दिला."

मी आणखी भांडायला हवं होतं. एरवी मी भाजीवाल्याशी अर्धा तास भांडते. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण मलाही तो माणूस हसताना बघायचा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही हाका बघायचा होता. पंचमने माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. मग पागोटं बांधलं आणि माणसं बोलवायला गावाकडे निघून गेला. तीस वर्षं तो हेच करत आला होता. हुकूम झाला की निघायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी दिल्लीचे साहेब आले. मी एखादा बडा अधिकारी डोळ्यांसमोर आणला होता. उतरला तो एक बारीक, काळासावळा, दक्षिणेकडचा माणूस. अर्धी विजार, कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. ते अडखळत हिंदी बोलत. मी ते इथे मराठीतच देते. भाऊजींनी सरबत पुढे केलं, गालिचा दाखवला. डॉक्टरसाहेब गालिच्याच्या कडेने चालत ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "उद्या किती वाजता चालायला निघायचं?"

"चालायचं कशाला, साहेब?" भाऊजी अदबीने म्हणाले. "आपण फक्त बसायचं. सगळा इंतजाम आहे."

डॉक्टरसाहेबांना वाटलं असावं की बैलगाडी वगैरे असेल. ते मान डोलावून झोपायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही ओदीत (शिकारीसाठी बांधलेल्या दगडी आडोशात) बसलो होतो. दोन वेताच्या खुर्च्या, खाली गालिचा, बाजूला कपबश्या. एका खुर्चीत डॉक्टरसाहेब. दुसरी मला दिली. भाऊजी इस्तरीचा कोट घालून मागे उभे. डॉक्टरसाहेबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊजींनी रुमाल हलवला.

लांबून पहिला ढोल वाजला. मग डबे. मग आरोळ्या, "हो, हो, हो, हो!" सगळा माळ थरथरला. एक कोल्हा पळाला, चिंकारा उड्या मारत गेला, तितरांचा थवा भुर्र उडाला. आणि मग सोनचिरैया उठल्या. एक, दोन, चार... नऊ! केवढाले पक्षी ते! धावत धावत येऊन पंख पसरले, जड अंगाने वर उचलले गेले, आणि आमच्या डोक्यावरून सावकाश पंख मारत गेले. पांढऱ्या माना, रुंद तपकिरी पंख, पंखांचा आवाज मला ऐकू येत होता. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अंगावर काटा आला. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर काही बघितलेलं नाही. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण तसंच आहे.

भाऊजी पुढे आले. "नऊ, साहेब! मोजलेत ना? नऊ!"

डॉक्टरसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावलीच नव्हती. ते पक्षी गेले त्या दिशेला बघत होते. क्षितिजापर्यंत काही उरलं नव्हतं.

"हे कुणी करायला लावलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

भाऊजींना वाटलं शाबासकी आहे. पंचमला मात्र कळलं. ओळीच्या पुढून तो धापा टाकत आला होता. त्याने हात जोडले. "हमने, हुजूर. गलती हमारी." भाऊजींचं हसू तसंच तोंडावर राहिलं. ते रुमालाची घडी घालत राहिले.

"मी बघायला आलो होतो की हे पक्षी इथे राहतात का," डॉक्टरसाहेब म्हणाले. "तुम्ही दाखवलंत की ते इथून कसे जातात. आता मी काय लिहू? हे दिवस त्यांच्या अंड्यांचे. कुठे अंडं आहे का, तेही कळणार नाही."

"आहे," मी म्हणाले. "नाल्यापलीकडे."

आम्ही जवळजवळ धावतच गेलो. नाल्याशी ओळ नीट थांबली असू दे म्हणून मी जीव मुठीत धरून होते. पण हाक्याला चेव चढला की ओळ कसली राहते! एका टोकाची चार-पाच माणसं चिंकाऱ्यामागे ओरडत पलीकडे गेली होती. धुळीत त्यांच्या पावलांचे ठसे होते, अंड्यापासून हातभर अंतरावर. अंडं शाबूत होतं. मादी नव्हती.

डॉक्टरसाहेबांनी उकिडवं बसून जमिनीला तळहात लावला. "अजून फार तापलेली नाही. पण या उन्हात उघडं अंडं साडेदहा-अकरापर्यंत शिजून जाईल. त्याआधी ती आली तर आली." त्यांनी घड्याळ बघितलं. "आली, तर मी लिहू शकतो की एवढं होऊनही पक्षी ही जागा सोडत नाही. नाही आली, तर माझ्यापाशी लिहायला काही नाही."

दोनशे पावलांवर खैराचं एक झाड होतं. त्याच्या फाटक्या सावलीत आम्ही चौघं जमिनीवर बसलो. पंचमने हाक्याची माणसं आधीच हातानेच खुणा करून घराकडे लावली होती. सव्वाआठ झाले होते.

पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. लू सुटली. ओठ फुटले. माझे पाय आपोआप हलायला लागत आणि मी दोन्ही हातांनी ते दाबून धरत असे. आणि भाऊजी! त्या माणसाने जन्मात कधी जनावराची वाट बघितली नव्हती. जनावराला आणलं होतं. नऊ वाजता ते पुटपुटले, "छत्री नेऊन अंड्यावर धरू का?"

"तुम्ही तिथे उभे असाल तर ती येईल का?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

भाऊजी बसले. दहा मिनिटांनी पुन्हा उठले. "पंचमला पाठवून तिला या बाजूला वळवता..." बोलता बोलता आपलं आपल्यालाच कळलं आणि खाली बसले. इस्तरीच्या कोटाला गवताची कुसळं चिकटली होती, घाम हनुवटीवरून टपकत होता. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. त्याहून जास्त राग माझा मला येत होता. एक शब्द पोटात ठेवता आला असता, तर ती मादी आत्ता आपल्या जागेवर बसलेली असती.

साडेनऊ. पावणेदहा. दगडांवरून हवा थरथरताना दिसायला लागली. डॉक्टरसाहेबांनी टिपणवही बंद करून खिशात घातली. भाऊजींनी ते बघितलं आणि मान खाली घातली. पण आता ते उठत नव्हते.

दहा वाजून गेल्यावर पंचमने माझ्या कोपराला बोट लावलं.

खूप लांब, बोरीच्या झुडपांमागे, एक मान उभी होती. ती हलेना. मग दोन पावलं आली, थांबली. उलटी फिरली, दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली, यावेळी दुसऱ्या बाजूने. चार पावलं, थांब. दहा पावलं, थांब. उडत नव्हती, चालत येत होती. ठशांपाशी आल्यावर कितीतरी वेळ मान वाकडी करून जमिनीकडे बघत राहिली. मग अंड्याजवळ गेली, पिसं फुगवली आणि बसली. बसताक्षणी पुन्हा दगड झाली.

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

आम्ही वाकत वाकत मागे सरलो. नाल्यात आल्यावर डॉक्टरसाहेबांनी वही काढली. "मी शिफारस करणार आहे," ते म्हणाले. "हा माळ राखलाच पाहिजे." मी आनंदाने टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांनी पुढे विचारलं, "पण हाका कुणी घालायला लावला, तेही मला लिहावं लागेल. हा रखवालदार म्हणतो, त्याने."

"हओ हुजूर," पंचम लगेच म्हणाला, "हमईं ने..."

"गप रे," भाऊजी म्हणाले. त्यांनी टोपी काढली, धूळ झटकली, पुन्हा घातली. "साहेब, हाका माझा. हुकूम माझा. याने मला अडवायचं होतं तरी कसं? पंचवीस वर्षं माझं ऐकण्याचीच त्याला सवय."

"तसं असेल तर इथली देखरेख तुमच्याकडे देऊ नये, असं मला लिहावं लागेल."

मी पुढे झाले. "हे बघा, अंड्याची बातमी मी फोडली. माझं नाव लिहा. हा कुठला न्याय? त्यांनी सगळं तुमच्यासाठीच केलं, तुमचा मान राखायला केलं!"

"ते मला दिसलं, बाई," डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले. "पण उद्या दुसरा पाहुणा येईल. त्याचाही मान राखतील."

भाऊजींनी माझा हात धरून मला मागे ओढलं.

"लिहा साहेब," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. फक्त एक करा. पंचमला इथून हलवू नका. हा माळ त्याला ठाऊक आहे. मला नव्हता."

डॉक्टरसाहेबांनी पंचमचं पूर्ण नाव विचारून वहीत लिहून घेतलं. पंचम तोंड फिरवून उभा राहिला. त्याने पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलेलं मी बघितलं.

दुपारी आम्ही परत निघालो. निघताना मी पंचमची माफी मागितली. तो म्हणाला, "बच गया न, बाईसाब," आणि जीपचं दार लावून दिलं. मागे खुर्च्या खडखडत होत्या. मी बाहेरच्या दगडांकडे बघत बसले होते आणि येताना मला हा माळ ओसाड कसा वाटला होता, याचंच नवल करत होते. पुण्याला गेल्यावर लोक विचारतील, काय बघितलंस? मी नऊ पक्ष्यांचं सांगेन आणि सगळे वा म्हणतील. ते नऊ पक्षी मी कुणाच्या पापाने बघितले, ते सांगायची हिंमत होईल का, याची मला खात्री नव्हती. म्हणून आता लिहूनच टाकते आहे.

लश्करात शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ताई दारातच उभी. भाऊजी पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"दिसला का हो पक्षी?" ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दिसला."

"अगं बाई! मग होणार ना उद्यान?"

"होणार."

ताईने गणपतीच्या दिशेने हात जोडले. "सुटले गं बाई मी!"

"भोपाळला जायचंय," भाऊजी म्हणाले. "पुढच्या महिन्यात निघू."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं, माझ्या फाटक्या तोंडासकट. ती ऐकत होती, आणि पंचमने हाका आपल्या अंगावर घेतल्याचं आलं तेव्हा तिला राहवेना. "अहो, तो घेत होता ना अंगावर? मग तुम्हाला मध्ये बोलायची काय गरज होती? पंचवीस वर्षांचं घर माझं! एवढं कशासाठी केलंत?" ती रडत होती, आणि तिचं काहीच चुकत नव्हतं.

भाऊजींनी वर बघितलं. त्यांच्या कोटाला अजून कुसळं होती.

"अगं, ती परत आली ना," ते म्हणाले.

"कोण परत आली?"

"मादी. आम्ही एवढं हुसकावलं, तरी आपली आपण चालत आली गं. कुणी आणली नाही तिला."

ताईला यातलं काहीही कळलं नाही. ती डोळे पुसत आत गेली. मला कळलं होतं, आणि मी तिथेच उंबऱ्यात बसून पोरीसारखी रडले.